पिसारोकच्या खडकावरची झावळी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि नेमेरासच्या विधिमंडळाचे सभापती माननीय कासिओ. राजधानीहून आठवड्यातल्या एकुलत्या विमानानं आलेले संघ सरकारचे प्रतिनिधी श्रीमान बेर्नार्ड. आपले फादर अनास्तास. इनुक कुळाच्या वडीलधाऱ्या नेचिकोआजी. आजचे सत्कारमूर्ती, नेमेरास स्वातंत्र्य आयोगाचे बारा वर्षं अध्यक्ष राहिलेले आणि आज संध्याकाळपासून न राहणारे मित्सुओमामा. आणि जमलेल्या बंधुभगिनींनो,

आपल्या रीतीनं आधी माफीचा शब्द: तिरो. बसलेल्या वडीलधाऱ्यांपेक्षा उंच उभी राहून बोलते आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागते. माझे दोघे सख्खे भाऊ बाहेर नीरफणसाखाली उभे आहेत. ते आत बसले असते तर मला रीतीप्रमाणे वाकून बोलावं लागलं असतं, आणि वाकल्यावर माइक पुरत नाही. खिडकी उघडी आहे, त्यांना सगळं ऐकू येतं आहे. तेव्हा त्यांच्याविषयी मी चांगलंच बोलेन.

मला भाषणाची सवय नाही. मी सर्व्हेअर आहे, फिजीत सुवाला शिकले, चार वर्षं आयोगात नोकरी केली. कर्मचाऱ्यांतर्फे दोन शब्द बोला, असं सभापतींनी सांगितलं. आयोगात कर्मचारी म्हणजे मी आणि होडीचं इंजिन. इंजिन दुरुस्तीला गेलं आहे.

निरोपाच्या दिवशी सत्कारमूर्तींच्या कार्याचा आढावा घ्यायचा असतो, तो घेते.

बारा वर्षांत आयोगानं केलं काय, असं काही लोक विचारतात. त्यांना माहिती नसते, दुसरं काय? आयोगानं राष्ट्रध्वज तयार केला. त्यावर तारे किती असावेत यावर दोन वर्षं चर्चा झाली, कारण आपली वस्तीची बेटं अकरा, पण बाराव्या बेटावर एक म्हातारा आणि त्याची डुकरं राहत होती, आणि म्हाताऱ्यानं हरकतीचं पत्र पाठवलं होतं. तारे बारा झाले. पुढच्याच वर्षी म्हातारा मुलीकडे होनोलुलूला गेला. बारावा तारा आता डुकरांचा आहे. राष्ट्रीय पक्षी ठरला. राष्ट्रगीताची चाल ठरली. शब्द बाकी आहेत, तोवर उभं राहून गुणगुणावं असा ठराव झाला. टपाल तिकिटाची तीन चित्रं झाली. तिन्हींवर मामा आहेत. एकात पाठमोरे आहेत, हा त्यांचा विनय.

देशाला लागतं ते सगळं तयार झालं. फक्त देश तेवढा राहिला.

आणि आपल्या स्वातंत्र्याची लागण इतरांनाही झाली, हे विसरून कसं चालेल? फावास बेटाचे लोक सहा वर्षांपूर्वी अर्ज घेऊन आले. नेमेरास संघातून फुटलं, तर फावासला नेमेरासमधून फुटायचं आहे, असा अर्ज होता. मामांनी तो वाचला, त्यांना नारळपाणी दिलं आणि म्हणाले, "बाबांनो, रांग मोडू नका. आधी आम्हाला सुटू द्या, मग तुम्ही आमच्यातून सुटा." फावासचे लोक समाधानानं परत गेले. आठ दिवसांनी फावासच्या दक्षिणेकडच्या गावाचं पत्र आलं. त्यांनाही रांगेत नंबर हवा होता.

श्रीमान बेर्नार्ड, तुम्ही हसता आहात. हसा. संघाचं आपल्यावर प्रेम आहे, हे मी आयोगाच्या फायलीत स्वतः वाचलं आहे. दरवर्षी राजधानीहून एक पत्र येतं: 'नेमेरासच्या जनतेच्या भावनांचा संघ आदर करतो.' बारा वर्षं, बारा पत्रं, शब्द तेच, फक्त साल बदललेलं. तिसऱ्या वर्षी सालही बदललेलं नव्हतं. भावनांचा इतका अचूक आदर मी दुसरीकडे पाहिला नाही.

आता मुद्द्यावर येते. मतदान पाच वेळा जाहीर झालं आणि पाच वेळा पुढं गेलं. का, हे तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे, म्हणून ते कोणी बोलत नाही. मी बोलते.

मतदानाच्या कायद्यात एकच अट आहे. आधी नव्या देशाची समुद्रहद्द आखून नकाशा पूर्ण झाला पाहिजे. मग निदान नव्वद दिवसांनी मतदान. अट शहाणपणाची आहे. आपल्याकडे जमीन चिमूटभर. आपला देश म्हणजे समुद्र, आणि समुद्र म्हणजे ट्यूना. हद्द मोजायची ती ओहोटीला सर्वांत बाहेरचा जो खडक उघडा पडतो तिथून, दोनशे सागरी मैल. असे आपले एकतीस बिंदू आहेत. मी नोकरीला लागले तेव्हा तीस मोजून झाले होते. राहिलं होतं पिसारोकच्या खडकाचं पश्चिमेचं टोक.

पहिल्याच दिवशी मी मामांना विचारलं, "एक बिंदू राहिलाय. कधी जायचं?"

"तुझं यंत्र किती वेळ घेतं?"

"चाळीस मिनिटं. हललं नाही पाहिजे."

"मग झालं. चाळीस मिनिटं आणि झावळी."

झावळी म्हणजे काय हे या सभागृहात फक्त श्रीमान बेर्नार्डना सांगावं लागेल. साहेब, कुळातलं माणूस गेलं की त्या कुळाच्या खडकावर काठी रोवतात आणि काठीला माडाची झावळी बांधतात. वर्षभर त्या खडकावर कोणी जात नाही. मासा धरत नाही, शिंपला उचलत नाही, यंत्र तर लावतच नाही. वर्ष सरलं की कुळातलाच माणूस काठी काढतो. काठी आपोआप पडली तर समुद्रानं खडक मोकळा केला असं समजतात. ती परत कोणी उभी करायची नसते. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, कोण गेलं हे विचारायचं नसतं. झावळी दिसली की मान खाली घालून होडी वळवायची. मेलेल्याचं नाव विचारणारा माणूस आपल्याकडे जेवायला बोलावण्याच्या लायकीचा राहत नाही.

मी विचारलं नाही. मी नुसतं मोजलं.

पाच वेळा मतदानाची तारीख जाहीर झाली. पाचही वेळा, तारीख जाहीर झाल्यापासून अकरा आठवड्यांच्या आत, पिसारोकवर झावळी लागली. खडक इनुक कुळाचा, आणि त्यांचं दुःख मोठं. पण ते इतकं वक्तशीर असावं? फादर अनास्तासांच्या दफनाच्या वहीत त्या काळात इनुक कुळातली माणसं किती, हे मी पाहिलं. फादर, तुम्ही मला वही दिलीत ती चर्चच्या हद्दीचा नकाशा काढायला. त्याबद्दल वेगळी क्षमा मागते. झावळ्या पाच होत्या. माणसं तीन होती.

पहिल्या तीन झावळ्या खऱ्या आहेत. त्या तिघांबद्दल माझ्या मनात आदर आहे, आणि त्यांची नावं मी इथं घेणार नाही. चौथी आणि पाचवी कोणासाठी बांधली?

नेचिकोआजी, तुमच्याकडे मी आले होते. तुम्ही कुळाच्या वडील. तुमच्या होकाराशिवाय झावळी लागत नाही. पण मी तो प्रश्न विचारायला आले नव्हते. मी तेव्हा आयोगाची पाहणी करत घरोघर फिरत होते. आपलं बोलणं माझ्या वहीत आहे.

मी विचारलं, "आजी, संघातून वेगळं व्हावं का?"

"हो गं."

"म्हणजे संघात राहायचं नाही?"

"राहायचं की."

"आजी, दोन्ही कसं होईल?"

"ते तुझं तू बघ बाई, तू शिकलेली. इतक्या उन्हाची माझ्या दारात आलीस, तुला मी नाही म्हणू? बस. भात आहे, मासा आहे."

त्या महिन्यात मी चारशे बारा घरांत जेवले. वेगळं व्हावं असं म्हणणारे शंभरातले शहाण्णव निघाले. राहावं असं म्हणणारे शंभरातले चौऱ्याण्णव. माणसं तीच. तुम्ही सगळे. दोन टक्क्यांचा फरक पडला, कारण दुसरा प्रश्न येईपर्यंत काही जण झोपले होते. सुवाला आमचे एक सर सांगायचे, मोजणी चुकली की आधी यंत्र तपासा. मी यंत्र तपासलं. यंत्र म्हणजे मीच होते, समोर बसलेली पाहुणी. आपल्याकडे तोंडावर कोणाला नाही म्हणत नाहीत. नाही म्हणायचं असेल तर आपण गप्प बसतो. आणि मी एकालाही गप्प बसायला वेळ दिला नव्हता.

हा अहवाल मी मामांना दिला. त्यांनी तो दोनदा वाचला. त्यांच्या चेहऱ्यावरचा भाव मला तेव्हा कळला नाही. मला वाटलं, आकडेमोड आवडली असावी.

पाचवी झावळी लागली त्यानंतर. मग मी वहीतले आकडे कागदावर उतरवले आणि कागद मामांच्या टेबलावर ठेवला. झावळ्या पाच, दफनं तीन. खाली सही केली. तारीख घातली.

मामांनी कागदाकडे पाहिलं. बिस्किटांचा डबा उघडला. म्हणाले, "घे."

"नको."

"नको म्हणतेस? सुवानं तुझं बरंच नुकसान केलंय."

तेवढ्यात फोन वाजला. ग्वामहून एरेविनामामींचा. तुम्हाला माहीतच आहे, मामी सात वर्षं ग्वामला आहेत. आठवड्यातून तीन दिवस, चार-चार तास, रक्त धुणाऱ्या यंत्राला जोडलेल्या. मामांना ऐकायला कमी येतं म्हणून फोनचा आवाज नेहमी मोठा असतो.

"अहो, नीरफणसाचं लोणचं पाठवलंत ते आंबलंय!" मामी ओरडत होत्या.

"आंबवलेलंच असतं ते."

"जास्त आंबलंय. इथली बाई म्हणते, मेलेलं काहीतरी आहे पिशवीत. ही बघा, तुमच्या सर्व्हेअरची आई. दोन खुर्च्या पलीकडेच आहे. ती म्हणते, तिला चांगलं लागलं. हिच्या जिभेचा काही भरवसा नाही!"

आणि मग लांबून माझ्या आईचा आवाज आला, "पोरगी जेवते का वेळेवर?"

मामा फोनमध्ये म्हणाले, "बिस्किट नको म्हणाली."

"नको म्हणाली? देवा!"

फोन ठेवल्यावर मामांनी मला विचारलं, "तुझी आई तिथं कोणत्या पासपोर्टावर आहे?"

"आपल्या."

"आपल्या?"

पासपोर्ट संघाचा आहे. संघाचा अमेरिकेशी करार आहे, म्हणून आपली माणसं व्हिसा न मागता ग्वामला राहतात, काम करतात आणि त्या खुर्च्यांवर बसतात. आज तिथं आपली नऊ माणसं आहेत. वेगळं झाल्यावर तो करार आपल्याला लागू राहील का? कदाचित राहील. कदाचित नवा करार होईल. कदाचित होईलही, पण चार वर्षांनी. आणि माझी आई यंत्राविना किती दिवस राहील, ते डॉक्टरांनी मला सांगितलं आहे. तो आकडा मी इथं सांगणार नाही. वर्षांतला नाही.

मामा म्हणाले, "उद्या कागदावर छापतील, वेगळं व्हावं का? आणि आपले लोक काय म्हणतील?"

"हो म्हणतील."

"का?"

"विचारलं म्हणून."

"हे मी नाही म्हणत. तुझ्या अहवालात आहे. शंभरातले शहाण्णव."

"मामा, मतपेटी म्हणजे पाहुणी नव्हे. पेटीसमोर कोणी लाजत नाही."

"पाहिलंयस का मोजून?"

नव्हतं पाहिलं. ते मोजण्याचा एकच मार्ग आहे, आणि त्या मार्गावर झावळी होती.

मी विचारलं, "पण तुम्हाला स्वातंत्र्य हवंय ना? बारा वर्षं सांगत आलात."

मामा उठले, खिडकीपाशी गेले. म्हणाले, "हवंय तर! बारा वर्षांत त्यांनी इथं एक यंत्र बसवलं नाही. एक! आपल्या समुद्रात कोणी मासे धरायचे ते राजधानी ठरवते, आणि आपल्या बायकांनी रक्त धुवायला समुद्र ओलांडायचा. ती खुर्ची ग्वामला का आहे? इथं का नाही? म्हणून हवंय." मग म्हणाले, "आणि ती त्या खुर्चीवर बसलीय, म्हणून आज नकोय."

मंडळी, वेगळं व्हावं की राहावं यावर मी पुष्कळ भाषणं ऐकली आहेत. दोन्ही बाजूंचे वक्ते हात वर करून, दूर क्षितिजाकडे बोट दाखवून बोलतात. मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं की दोन्ही बाजूंचं बोट एकाच खुर्चीकडे आहे.

तरीही मी विचारलं, "नेचिकोआजींना काय सांगितलंत?"

"काही नाही. म्हटलं, आजी, झावळी बांधायचीय. ती म्हणाली, हो."

म्हणजे खोटं कोणी बोललं नाही. मामांनी कोणाचं नाव घेतलं नाही, आजींनी विचारलं नाही, लोकांनी होडी वळवली, विधिमंडळानं दुखवटा म्हणून मतदान पुढं ढकललं, आणि राजधानीनं भावनांचा आदर केला. एवढ्या सगळ्यांच्या एकमतानं चाललेलं दुसरं काम या राज्यात मला तरी माहीत नाही. श्रीमान बेर्नार्ड, लोक म्हणतात संघात एकी नाही. किती चुकीचं आहे!

आता मामा परवा ग्वामला जात आहेत. कायमचे. मामींच्या शेजारी बसायला. माणसानं बारा वर्षं बाहेर पडण्याची तयारी करावी आणि अखेर स्वतः बाहेर पडावं, तेही संघाच्या पासपोर्टावर! बेटावर लोक यावरून हसतात, मला ठाऊक आहे. मी हसले नाही. एकूण नागरिकांपैकी निदान एक तरी बाहेर पडला, हे आयोगाचं मोजता येण्यासारखं पहिलं यश आहे.

गेल्या आठवड्यात एकदा मी कार्यालयात आले तर दारामागं एक काठी उभी होती. ओली होती. टोकाला झावळीचा सुकलेला देठ बांधलेला. मामा टेबलाचे खण रिकामे करत होते. वर्ष सरलं होतं. इनुक कुळाचा माणूस म्हणून काठी काढण्याचा हक्क त्यांचा होता.

मी काही विचारलं नाही. तेच म्हणाले, "मला आता लागणार नाही. तुला लागणार असेल तर ठेव."

काठी आठ दिवस माझ्या दारामागं होती. दार उघडलं की दिसत नसे. म्हणून मी दार उघडंच ठेवत होते.

कार्यक्रमपत्रिकेत यापुढं 'कर्मचाऱ्यांतर्फे भेटवस्तू' असं लिहिलं आहे. ती आणली आहे. कागदात गुंडाळलेली ही लांब वस्तू पाहून मघापासून मागच्या रांगेत पैजा लागल्या आहेत. मासेमारीचा गळ नाही. ध्वजाची काठीही नाही. मामा, कागद फाडा. सावकाश, देठ मोडेल.

होय. तीच. लांबी एक मीटर चौऱ्याऐंशी. विमानात हाताशी घेऊ देणार नाहीत, खालच्या सामानात द्यावी लागेल, मी विचारून ठेवलं आहे. मामींना दाखवा. त्यांच्यासाठी या काठीनं कोणाकोणाला थांबवलं, ते त्यांना कळू द्या.

माझं बोलणं संपत आलं. रीतीप्रमाणे शेवटी काही चुकलं-माकलं असेल तर पोटात घाला, असं म्हणायचं असतं. बहुतेक वक्ते काय चुकलं ते सांगत नाहीत. मला मोघम लिहिता येत नाही, म्हणून सांगते.

उंच उभी राहिले, ते एक. चारचौघांत मेलेल्यांची मोजदाद केली, ते दुसरं, आणि ते मोठं आहे. आजी, तुमच्या घरी मला पुन्हा जेवायला बोलावणार नसाल तर मला समजेल.

तिसरी चूक गेल्या ऑगस्टमधली. तेव्हा मी एकटीच होडी घेऊन पिसारोकवरून जात होते. वारा नव्हता. समुद्र ताटासारखा सपाट होता, वर्षातून दोन-तीनदा असतो तसा. ओहोटीनं खडकाचं टोक हातभर उघडं पडलं होतं. आणि काठी पडलेली होती. आपोआप. झावळी कुजून वाहून गेली होती, फक्त देठ उरला होता. आजूबाजूला पाऊल नाही, होडी नाही. रीतीप्रमाणे खडक मोकळा होता. यंत्र होडीत होतं. चाळीस मिनिटं हवी होती. ओहोटी अजून एक तास दहा मिनिटं होती. मतदानाच्या तारखेला तेव्हा एकशे चार दिवस बाकी होते. पुरेसे होते.

मी खडकावर उतरले. काठी उचलली. आणि जिथं होती तिथंच परत रोवली. सुटत आलेला देठ गाठ मारून पुन्हा बांधला. काठी दगड लावून घट्ट केली, लाटेनं पुन्हा पडू नये म्हणून. मग होडी वळवली.

म्हणजे मामांनी दोन वेळा काठी रोवली, मी एकदा. ऑक्टोबरमध्ये मतदान पाचव्यांदा पुढं गेलं, तेव्हा तुम्ही त्यांना नावं ठेवलीत. ती त्यातली अर्धी माझी होती. मामा, हे तुम्हाला माहीत होतं, असं मला वाटतं. देठाची गाठ मी बांधली तशी कोणी बांधत नाही. तुम्ही ती सोडली नाहीत, आणि काही बोललाही नाहीत.

हॉलमधल्या प्रत्येकाला एक मत आहे, आणि ते मी त्या दिवशी खडकावर एकटीनं देऊन टाकलं. माझ्याकडे कारण होतं. कारण फार चांगलं होतं. तसंच कारण तुमच्यापैकी आणखी आठ घरांत आहे, आणि तुम्हाला मी विचारलं नाही. याची क्षमा मागते.

गेल्या रविवारी आईला फोन केला. सगळं सांगितलं. विचारलं, "आई, मोजू का?"

ती म्हणाली, "हो."

आता यावरून काय समजायचं? चारशे बारा घरांत जेवलेल्या माणसाला तरी या 'हो'चा उपयोग नाही. म्हणून यावेळी मी यंत्र तपासलं. उलटा प्रश्न विचारला, आणि घाई केली नाही. म्हटलं, "आई, नको ना मोजू?"

ती गप्प बसली. मागं यंत्राचा आवाज येत होता. मामी काहीतरी विचारत होत्या, त्यांनाही तिनं उत्तर दिलं नाही. मी घड्याळ लावलं होतं. एक मिनिट चाळीस सेकंद. मग ती म्हणाली, "वेळेवर जेवत जा."

येत्या गुरुवारी सकाळी पाच बावन्नला या वर्षातली सर्वांत खोल ओहोटी आहे. खडक मोकळा आहे. काठी परवा ग्वामला जाते आहे. मतदानात मी कुठं खूण करणार ते मी पेटीला सांगेन, तुम्हाला नाही. आणि तुमचंही मला सांगू नका, मी ऐकणार नाही. फक्त या दिवसांत वारा असतो, तिपाई लाटेत उभी राहत नाही. यंत्राचा दांडा चाळीस मिनिटं न हलता धरणारा एक माणूस हवा. कोणी येईल का?

सभापतीसाहेब, मान हलवू नका, तुम्ही कोणालाही मान हलवता.

खिडकीतून कोण बोललं? दादा? काय म्हणालास? 'येतो' म्हणालास ना? 'हो' नाही म्हणालास? पुन्हा म्हण. ठीक आहे. पावणेपाचला धक्क्यावर. तू खडकावर उभा राहा, मी खाली पाण्यात उभी राहीन, म्हणजे रीतही सांभाळली जाईल.

मित्सुओमामा, आपण मला शिकवलंत त्यातलं बरंच मला विसरावं लागेल. पण त्या नऊ खुर्च्यांवरच्या माणसांची नावं पाठ करून घेतलीत, ती विसरणार नाही. तिकडं आईच्या शेजारी जागा मिळाली तर बसा. तिला बोलायला कोणीतरी लागतं, आणि तुम्हाला ऐकू कमी येतं, ते एकमेकांना बरं पडेल.

मला बोलू दिलंत, उंच उभं राहू दिलंत, मध्येच उठून गेला नाहीत, त्याबद्दल अध्यक्षांचे, पाहुण्यांचे आणि आपल्या सर्वांचे आभार. बाहेर नीरफणस, मासा आणि भात मांडला आहे. मोजलेल्या चुका सांगून झाल्या. ज्या मोजायच्या राहिल्या असतील त्यांचीही क्षमा असावी. तिरो.